चाळिसावं मिनिट

शिन्चू
९ फेब्रुवारी २०१०

च्येन शीफू,

तुम्हाला शीफू म्हणायचा हक्क मला उरलाय की नाही, ठाऊक नाही. पण ज्याच्या हाताखाली काम शिकलं त्याला दुसरं काय म्हणायचं? आधी 'च्येन साहेब' असं लिहून पाहिलं. तो कागद फाडला.

मी आ-श्या. फांग य्वे-श्या. युन्-शेंग कंपनीत खिडकीपासून तिसऱ्या टेबलावर बसायची ती. तेरा वर्षं होतील आता.

तुमचा पत्ता युन्-शेंगच्याच आ-च्युआनने दिला. दातांच्या डॉक्टरकडे अचानक भेटला. केस पांढरे झालेत, पण हसणं तेच, आधी खांदे हलतात आणि मग आवाज येतो. म्हणाला, तुम्ही आणि शीमू दोघं नवराबायको आता युआन्लीला असता. देवळांचे भोंगे, शाळांचे ऑर्गन दुरुस्त करता. मला फार बरं वाटलं. चिपच्या धंद्यात यायच्या आधी तुम्ही ऑर्गनच्या कारखान्यातच होतात ना.

माझा पहिला दिवस आठवतो? मी पदवीचा कागद पुढे केला. तुम्ही तो बाजूला सारलात आणि माझ्या कानांवर हेडफोन चढवलेत.

"काय ऐकू येतंय?"

"काही नाही. आवाज बंद आहे."

"बंद नाहीये. नीट ऐक."

बराच वेळ बसले. मग अगदी तळाशी, तांदूळ पाखडताना दुसऱ्या खोलीत ऐकू यावं तसं काहीतरी सळसळलं. तुम्ही म्हणालात, "ही आपल्या चिपची शांतता. आपण ही विकतो. आवाज काय, कुणीही काढतं."

मी घरी जाऊन आईला सांगितलं, माझा साहेब थोडा येडा आहे.

आणि तैपेईचा ग्वांगह्वा बाजार! पुलाखालची ती दुकानं, खोक्यांवर खोकी, धक्काबुक्की. आपली पहिली चिप बसवलेलं साउंड कार्ड विकायला आलं होतं आणि तुम्हाला ते गिऱ्हाईक होऊन विकत घ्यायचं होतं. शीमू आणि मी मागे उभ्या. दुकानदार म्हणाला, "हे नका घेऊ, याची चिप गुणगुणते." तुमचा चेहरा असा झाला!

"कुठली गुणगुण? लाव. आत्ता लाव!"

त्याने लावलं. गुणगुण होती. तुम्ही गुडघ्यांवर बसून टेबलाखाली शिरलात, त्याच्या पंख्याची वायर उपटलीत आणि गुणगुण थांबली. तो म्हणाला, "आजोबा, घ्यायचंय की नाही तेवढं सांगा." चव्वेचाळीस वर्षांचे होतात तुम्ही. शीमू परतीच्या बसमध्ये शिन्चू येईपर्यंत हसत होत्या.

मी युन्-शेंग सोडलं ते वडिलांच्या दुखण्यामुळे, हे तुम्हाला माहीतच आहे. तैपेईच्या इस्पितळाजवळची नोकरी हवी होती. ते आता जुनं झालं.

चांद्र नवं वर्ष तोंडावर आलंय. तुम्हाला आणि शीमूंना सुखाचं जावो.

आ-श्या


शिन्चू
५ मार्च २०१०

च्येन शीफू,

उत्तर आलं नाही. यायला हवं होतं असं नाही.

आधी मागच्या पत्रातली एक गोष्ट दुरुस्त करते. वडील आजारी होते, पण तैपेईत नव्हते. त्यांचं सगळं इथेच, शिन्चूत चाललं होतं, आणि ते माझी बहीण बघत होती. हे कारण मी इतक्यांना सांगितलं की मला स्वतःलाच खरं वाटायला लागलं होतं.

खरं कारण त्या पांढऱ्या खाचेपाशी आहे.

१९९६चा उन्हाळा. मदरबोर्डवरच्या लांब काळ्या खाचा जाणार आणि सगळी कार्डं आखूड पांढऱ्या खाचांमध्ये बसणार, हे पक्कं झालं होतं. आपण नव्या खाचेसाठी पहिलं कच्चं कार्ड बनवलं. मेई-च्यूने तपासणीच्या खोलीत जुना खेळ लावला. पडद्यावर विमान उडालं, बॉम्ब पडले, माणसं पळाली आणि आवाज शून्य. जुने खेळ काळ्या खाचेच्या सवयीचे. ते जिथे आवाज ठेवून जायचे ती जागाच नव्या वाटेवर नव्हती.

मेई-च्यू म्हणाली, "घ्या! मुकाच झाला."

कुणीतरी हसलं. तुम्ही हसला नाहीत. "लोकांनी हौसेने घेतलेले खेळ," तुम्ही म्हणालात, "ते आपण मुके करायचे?"

आणि मग आठ महिने आपण तेच करत राहिलो. जुन्या खेळाला फसवायचं, काळी खाच अजून आहे असं त्याला वाटायला लावायचं. मेई-च्यूने दोनशे बारा खेळ जमवले होते. एकेक बोलता व्हायचा तेव्हा ती फळ्यावर रेघ मारायची. दुपारी खिडकी उघडली की शिन्चूचा तो वारा आत यायचा, कागद उडायचे, डब्यातला भात गार व्हायचा. तुम्ही शेंगदाणे चावत, डोळे मिटून ऐकत बसलेले. 'आला,' म्हणायचात. खेळ बोलायला लागला की एवढंच. आला.

इतकं चांगलं काम मी पुन्हा कधी केलं नाही. पण तेव्हा मला ते तसं दिसत नव्हतं. मला दिसत होतं की त्सान-ह्वा कंपनीवाले आपल्या पुढे चाललेत. त्यांचे लुओ साहेब मला दोनदा जेवायला घेऊन गेले. म्हणाले, "तुझे शीफू मेलेल्या खेळांची सेवा करतायत. दोन वर्षांत ते खेळ कुणी खेळणार नाही. माझ्याकडे ये. आपण फक्त नव्यांचं बघू, सगळ्यांच्या आधी पोचू."

मला सगळ्यांच्या आधी पोचायचं होतं, शीफू. बस्स, एवढंच कारण. मी एकोणतीस वर्षांची होते आणि मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं असं मला वाटत होतं.

जायच्या आधीच्या आठवड्यात मी माझा भाग तुमच्या टेबलावर ठेवला. तुम्ही विचारलंत, "झालंय?" मी म्हणाले, "झालंय." तुम्ही सही केलीत. शेवटच्या दिवशी तुम्ही मला निरोप द्यायला खाली आला नाहीत. मला राग आला होता. आज वाटतं, तुम्ही खिडकीत असाल.

आ-च्युआनने दातांच्या डॉक्टरकडे आणखी एक गोष्ट सांगितली. तिच्यामुळे मी ही पत्रं लिहायला बसले. पण ती आज लिहवत नाही.

शीमूंचा गुडघा कसा आहे?

आ-श्या


शिन्चू
२१ मार्च २०१०

च्येन शीफू,

आज लिहिते. मध्ये थांबले तर हे पत्र कधीच जाणार नाही, म्हणून सरळ लिहिते.

आ-च्युआन म्हणाला की युन्-शेंगची जुनी माणसं दर वर्षाखेरीला एकत्र जेवतात. आणि दर वर्षी जेवणाआधी तुम्ही उठता, प्रत्येकाच्या कपात स्वतः चहा ओतता आणि म्हणता, "त्या चिपमध्ये चूक झाली ती माझी. माझ्यामुळे तुमची कामं गेली." दर वर्षी. आ-च्युआन म्हणाला, "आम्ही सांगतो, शीफू, बसा आता, किती वेळा. ऐकतच नाहीत."

शीफू, ती चूक माझी होती.

चिपच्या पोटात आवाजाची जी छोटी टाकी होती ती माझ्याकडे होती. पांढऱ्या खाचेच्या वाटेवर चित्रांची, फायलींची, सगळ्यांचीच वर्दळ. आपली पाळी येईपर्यंत टाकीत पुरेसा आवाज हवा. टाकी किती रिकामी झाली की 'भरा' म्हणून हाक मारायची, तो आकडा मी काढला होता आणि तो बरोबरच होता. पण हाक मारायची वेळ आणि भरायची वेळ नेमकी एकाच ठोक्यावर आली तर माझी मोजणी एकाने चुकायची. एकदा चुकून काही बिघडत नाही. चुकत चुकत चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास ती इतकी चुकलेली असायची की टाकी कोरडी पडली तरी चिपला वाटायचं, अजून आहे. मग ती करकर. सगळी तपासणी वीस मिनिटांची. कुणाला सापडणार?

हे मला कधी कळलं, ते खरं सांगायचंय.

नोव्हेंबर १९९७. मंगळवार. दुपारचे तीन वाजले होते. त्सान-ह्वामध्ये मी त्यांच्या पुढच्या चिपसाठी तसलीच टाकी काढत होते आणि कागदावर ते दोन ठोके एकावर एक आले. मी पेन ठेवलं. आधी विचार आला तो आमच्या चिपचा नाही. तुमच्या. तुमचे नमुने तेव्हा चिप घडवणाऱ्या फाउंड्रीतून येऊन पडले होते. ताओयुआनची ती मदरबोर्ड कंपनी दोन्ही चिपा घेऊन बसली होती, आणि कुठली घ्यायची त्याच्या निकालाला सहा आठवडे होते. दुरुस्ती एका तारेची. एकच थर नव्याने काढायचा, तीन आठवड्यांत नवे नमुने.

मी जिन्याखाली गेले आणि सार्वजनिक फोनवरून तुमच्या घरी फोन लावला. कचेरीत नाही, घरी. तुम्ही त्या वेळी घरी नसणार, हे मला माहीत होतं. हे आज पहिल्यांदा कबूल करतेय.

शीमूंनी उचलला. "अगं आ-श्या! कशी आहेस? जेवतेस ना नीट?" मी म्हणाले, सहज केला. त्यांनी विचारलं, काही काम होतं का, यांना सांगू का काही. मी म्हणाले, "शीमू, तुम्ही अरवीच्या वड्या करायचात, त्यात पीठ कुठलं घालता?" त्यांनी सगळं सांगितलं. तांदूळ किती तास भिजवायचा इथपासून. मी कागदावर लिहून घेतलं. फोन ठेवला.

त्या वड्या मी कधी केल्या नाहीत.

काम आम्हाला मिळालं. लुओ साहेबांनी सगळ्यांना जेवण दिलं, माझ्या नावाने पेले उंचावले. जिंकल्याचा आनंद अठरा महिने पुरला. मग आवाजाची चिप नखाएवढी झाली, मदरबोर्डवरच बसायला लागली, आणि कार्ड विकत घेणारं गिऱ्हाईकच उरलं नाही. काळी खाच गेली, पांढऱ्यातलं कार्डही गेलं. त्सान-ह्वाने आमचा विभाग २००२ मध्ये बंद केला. पण त्याच्या तीन वर्षं आधी युन्-शेंगला कुलूप लागलं होतं, आणि त्रेचाळीस माणसं घरी बसली होती.

लुओ साहेबांचं म्हणणं खरंच ठरलं असतं, तुम्ही एरवीही टिकला नसतात, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलंय. असेलही. पण मग त्या वर्षी हरण्याचं कारण खेळ असते, खाच असती, काळ असता. ही करकर नसती. तुम्ही कपात चहा ओतत फिरला नसतात.

माफी मागत नाही. मागायची कशी ते कळत नाही.

आ-श्या


युआन्ली
७ एप्रिल २०१०

आ-श्या,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. पहिल्या दोनांना उत्तर दिलं नाही, कारण त्यांत उत्तर द्यावं असं काही नव्हतं.

चिपचे नकाशे माळ्यावर होते. दोन दिवस लागले. पान एकतीस. तुझं बरोबर आहे. दोन ठोके एकावर आले की मोजणी चुकते. कागदावर करून पाहिलं, छत्तीस ते त्रेचाळीस मिनिटं येतात.

बारा वर्षं मी ती चूक शोधत होतो. वीजपुरवठ्याचा भाग माझा होता, म्हणून तिथेच शोधत होतो. चार वह्या भरल्या. तुझ्या भागाकडे एकदाही पाहिलं नाही. तू झालंय म्हणाली होतीस.

चुकीचा राग नाही. चिप आहे, माणसं काढतात, चुकणारच. फोनचा राग आहे. आज आहे, उद्याही असेल. नंतरचं सांगता येत नाही.

२ मे, रविवार. शिन्चूच्या पूर्व वेशीजवळचं नेहमीचं हॉटेल, दुपारी बारा. मी सगळ्यांना बोलावलंय. का ते सांगितलेलं नाही. तू ये आणि तू सांग. मी एक शब्दही बोलणार नाही.

च्येन मिंग-त्सांग

(आ-श्या, मी शीमू. यांनी पाकीट टपालात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून खाली लिहितेय. पत्र वाचून दोन दिवस हे माळ्यावरच होते, जेवणसुद्धा शिडीवरून वर दिलं. मग खाली आले आणि दोन वाट्या भात जास्त जेवले. किती वर्षांनी शीळ घालताना ऐकलं मी यांना! आणि रात्रीच्या जेवणाला एकदम भांडं आपटलं. "तुला फोन आला होता तेव्हा ती काय बोलली?" मी सांगितलं. "अरवी?" म्हणाले, "अरवी?" मला तो फोन आठवतो, पोरी. मला वाटलं होतं, तुला घरची आठवण येतेय. मलाही तुझा राग आलाय. गुडघा बरा आहे.)


शिन्चू
४ मे २०१०

शीफू,

तुम्ही घरी नीट पोचलात हे शीमूंनी फोनवर सांगितलं. तुमच्यासमोर जे घडलं ते पुन्हा लिहायला नको, पण तुम्ही माझ्या डाव्या बाजूला बसून पूर्ण वेळ ताटाकडे बघत होतात. म्हणून मला काय दिसलं ते लिहिते.

एकोणीस माणसं होती. मी उभी राहिले तेव्हा कुणाला काहीच कल्पना नव्हती. दोघंतिघं तर टाळ्या वाजवायला लागले, आ-श्या आली, आ-श्या आली म्हणून. टाळ्या वाजत असतानाच मला सुरुवात करावी लागली. मी टाकीचं सांगितलं, मंगळवारचं सांगितलं, जिन्याखालच्या फोनचं सांगितलं. अरवीचं वाक्य अर्धवट राहिलं, मग पाणी पिऊन ते पुन्हा पहिल्यापासून म्हणाले.

मेई-च्यू सगळ्यांत आधी बोलली. तुम्ही ऐकलंतच.

"चाळीस मिनिटं! अगं भवाने, त्या ताओयुआनवाल्यांनी चिप परत पाठवली तेव्हा दोनशे बारा खेळ पहिल्यापासून लावले मी. एकेक चाळीस मिनिटं. माझ्या स्वप्नात ती विमानं यायची! आणि तू तिकडे वड्यांचं पीठ विचारत होतीस?"

मग ती रडली, मग ती म्हणाली, "बस खाली. उभं राहून काय होणारे? मासा गार होतोय." ही माफी नव्हती, हे मला कळतं. पण तिने माझ्या ताटात मासा वाढला.

आणि मग तुम्ही, एक शब्दही बोलणार नाही म्हणालेले, चॉपस्टिक खाली ठेवून बोललात. "सही माझी होती. ती पुसली जात नाही. पण चूक कुठे होती ते आता सापडलंय. यापुढे चहा आपापला ओतून घ्या." कुणीतरी हसलं आणि खोलीतला ताण जरा सैल झाला.

तेव्हा तुमचं लक्ष नव्हतं. आ-च्युआन उठला.

मला वाटलं, हात धुवायला चाललाय. त्याने खुर्ची नीट आत सारली, जाकीट घेतलं आणि दाराबाहेर गेला. मी मागे गेले. तो रस्त्यावर स्कूटरची किल्ली शोधत होता, सगळे खिसे दोनदोनदा चाचपत. मी हाक मारली. तो वळला आणि फार शांतपणे बोलला. युन्-शेंग बंद झाल्यावर त्याने चार वर्षं टॅक्सी चालवली. त्या चार वर्षांत त्याची बायको मुलीला घेऊन काओश्युंगला माहेरी गेली ती परत आली नाही. हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला बहुधा माहीत असेल.

म्हणाला, "मी शीफूंना दर वर्षी म्हणायचो, बसा, काही हरकत नाही. त्यांना म्हणता येत होतं मला. मनापासून म्हणायचो. तुला नाही म्हणता येत."

"नको म्हणूस," मी म्हणाले.

"तुला पत्ता मीच दिला," तो म्हणाला. आणि गेला.

इतक्या लोकांतला हा एकच माझ्याशी नेहमी चांगला वागलेला. त्या दिवशी दातांच्या डॉक्टरकडेही आधी त्याने हाक मारली होती, मी तर मासिक तोंडापुढे धरलं होतं. सगळ्यांत जास्त मेई-च्यू चिडेल असं मला वाटलं होतं. माणसांचं मला कधी नीट कळलंच नाही.

तुम्ही स्टेशनवर विचारलंत, आता काय करतेस. मी म्हणाले, कानाच्या मशीनची चिप. तुम्ही "हं" म्हणालात. मग गाडी यायला पाच मिनिटं असताना म्हणालात, "गर्दीत समोरच्याचं बोलणं कसं वेगळं काढता?" मी डब्याच्या झाकणावर काढून दाखवलं. तुम्ही पेन हिसकावून घेतलंत. "असं करून भांड्यांचा आवाज फुटेल. म्हाताऱ्या माणसाला जेवताना त्रास होईल." गाडी आली आणि गेली. दुसरीही गेली. शीमू बाकावर पाय पसरून झोपल्या होत्या. तिसऱ्या गाडीला त्यांनी तुम्हाला दंडाला धरून आत ढकललं आणि झाकण माझ्याकडे राहिलं.

काल ते झाकण मी कंपनीत नेलं. भांडी, वाट्या, चमचे गोळा करून जेवणाच्या खोलीत करून पाहिलं. तुमचं बरोबर आहे, आवाज फुटतो. आता तो भाग नव्याने काढतोय. माझ्या हाताखालच्या मुलींनी विचारलं की हे कुणी सांगितलं. मी सांगितलं.

आ-च्युआनला तीन फोन केले. उचलत नाही. शनिवारी सकाळी त्याच्या घरी जाणार आहे. दार उघडलं नाही तर पुढच्या शनिवारी जाईन.

शीमू म्हणाल्या, तुम्हीही सोबत यायचं म्हणताय. येऊ नका, शीफू. तुम्ही आलात तर तो तुमच्यासाठी दार उघडेल.

आ-श्या